पामेलाला बक्षीस मिळालं ते काय? (अठराव्या शतकातली इंग्रजी कादंबरी आणि बाईचं 'शील')

सांजवेळ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या गावी एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. गेल्या आठवड्यात तिसऱ्या वर्षाच्या वर्गात सॅम्युअल रिचर्डसनची 'पामेला' घेतली होती. नाव पुरतं सांगायचं तर 'पामेला, ऑर व्हर्च्यू रिवॉर्डेड', म्हणजे शीलाला मिळालेलं बक्षीस. गोष्ट सांगून झाल्यावर पहिल्या बाकावरची एक मुलगी, एरवी कधी तोंड न उघडणारी, म्हणाली, "मॅडम, बक्षीस म्हणजे तोच मालक ना, जो तिच्या खोलीत लपून बसला होता?"

वर्ग एकदम शांत झाला. मलाही उत्तर सुचलं नाही. वीस वर्षं हे पुस्तक शिकवतेय, पण इतक्या सरळ कुणी विचारलं नव्हतं. चार दिवस तोच प्रश्न डोक्यात घोळतोय, म्हणून इथे मांडते.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. १७४० च्या नोव्हेंबरात पुस्तक लंडनला निघालं, लेखकाचं नाव न छापता. रिचर्डसन तेव्हा ५१ वर्षांचा, धंद्यानं छापखानेवाला. पामेला १५ वर्षांची मोलकरीण. घरच्या बाईसाहेब वारतात आणि त्यांचा मुलगा मालक होतो. त्याचं नाव पुस्तकभर नुसतं 'मिस्टर बी.'. तो आईच्या खिशात सापडलेल्या चार सोन्याच्या गिनी पामेलाला देतो आणि ती पोर भाबडेपणानं त्या आईबापांना धाडते. बापाचं उत्तर येतं. घरात दारिद्र्य, तरी त्यानं त्या मोडलेल्या नाहीत. चिंधीत गुंडाळून खिडकीवरच्या गवताच्या छपरात खोचून ठेवल्यात. मालक एवढा मेहरबान का झाला, या शंकेनं म्हाताऱ्या जोडप्याचा जीव उडालाय. ते पान मी दर वर्षी वर्गात मोठ्यानं वाचते आणि दर वर्षी माझा आवाज थोडा घोगरा होतो.

पुढे मालक अंगचटीला येतो, कपाटात लपतो, तिला फसवून लिंकनशरच्या वाड्यावर नेऊन कोंडतो. ती लिहिलेले कागद परकराला शिवून कमरेभोवती बाळगते. पळून जाण्याच्या धडपडीत तळ्यात परकर फेकून देते, आपण बुडालो असं वाटावं म्हणून. मग भिंतीच्या विटा अंगावर कोसळून जखमी होते आणि खरोखरच जीव द्यायचा विचार करते.

त्यानंतर मालक तिच्यापुढे एक करारनामा ठेवतो, कलमवार. ५०० गिनी रोख, तिच्या नावे केंटमधली जमीन, दागिने, कपडे. बदल्यात तिनं त्याची ठेवलेली बाई व्हायचं. ती एकेका कलमाला लेखी उत्तर देते आणि सगळं नाकारते. शेवटी तिचे कागद वाचून मालकाचं मन पालटतं आणि तो तिच्याशी लग्न करतो.

मला सलतं ते इथे. पामेलानं भाव धुडकावला, पण कादंबरीनं शेवटी भाव लावलाच. आधी कमी मिळत होतं, दम धरला म्हणून जास्त मिळालं, असाच हिशेब उरतो. शील हा तिचा स्वभाव न राहता तिच्याजवळची ठेव झाली. तुम्हाला काय वाटतं?

---

गोदाकाठ

ताई, धागा फार आवडला. वाचनखूण साठवली. त्या काळच्या लोकांना हे खटकलं नव्हतं का?

---

जुना_वाचक

गोदाकाठ, खटकलं तर. जोरात खटकलं. लंडनमध्ये सरळ दोन तट पडले, पामेलावाले आणि पामेलाविरोधी. एकीकडे साउथवर्कच्या सेंट सेव्हियर्स चर्चमध्ये धर्मोपदेशकानं व्यासपीठावरून पुस्तकाची शिफारस केली. बायकांच्या हातपंख्यांवर पामेलाची चित्रं आली आणि जोसेफ हायमोरनं १२ चित्रांची मालिकाच रंगवली. दुसरीकडे १७४१ मध्येच हेन्री फील्डिंगनं 'शमेला' लिहिली. तिच्यातली नायिका शील-शील करत मालकाला गळाला लावते. एलायझा हेवुड या बाईंनीही त्याच वर्षी 'अँटी-पामेला' काढली.

म्हणजे सांजवेळताईंच्या विद्यार्थिनीचा प्रश्न पौनेतीनशे वर्षांपूर्वीचाच आहे. पण फरक बघा. फील्डिंग म्हणतो, मुलगी लबाड आहे. तुमची विद्यार्थिनी म्हणते, बक्षीसच भिकार आहे. मला तिचा प्रश्न फील्डिंगपेक्षा खोल वाटतो.

फील्डिंगनं १७४२ मध्ये 'जोसेफ अँड्रूज' लिहिली. जोसेफ पामेलाचा भाऊ. त्याची मालकीण त्याच्या मागे लागते आणि तो आपलं शील सांभाळतो, यावर वाचक पोट धरून हसले. गडी शील सांभाळतो यात हसण्यासारखं काय आहे, हे मात्र कुणाला विचारावंसं वाटलं नाही. मोलकरणीचं शील म्हणजे सोनं आणि गड्याचं शील म्हणजे विनोद!

आणि हा फील्डिंग पुढे कसा वागला तेही सांगायला हवं. पहिली बायको वारल्यावर १७४७ मध्ये त्यानं तिच्याच मोलकरणीशी, मेरी डॅनियलशी, लग्न केलं. ती तेव्हा गरोदर होती. गावानं नावं ठेवली, पण त्यानं तिला वाऱ्यावर सोडलं नाही. मला त्याबद्दल त्याचा आदर वाटतो.

---

दूरदेशी

मी लंडनला राहते, साहित्यातली नाही, रुग्णालयात नोकरी करते. तरी एक गोष्ट सांगावीशी वाटते.

ब्रन्सविक स्क्वेअरजवळ फाउंडलिंग म्युझियम आहे. थॉमस कोरमनं टाकून दिलेल्या मुलांसाठी काढलेल्या संस्थेचं ते संग्रहालय. संस्थेत मुलं घ्यायला सुरुवात झाली १७४१ मध्ये, म्हणजे 'पामेला' निघाली त्याच्या पुढच्याच वर्षी. मूल सोडताना आई ओळखीसाठी काहीतरी ठेवून जायची. एखादं नाणं, बटण, नाहीतर कापडाचा तुकडा. कधी तो तुकडा मधोमध कापून अर्धा आईनं स्वतःजवळ ठेवायचा, परिस्थिती सुधारली की जुळवून मूल परत मागायला. नोंदीच्या कागदांना टाचलेले असे पाच हजारांवर तुकडे आजही जपून ठेवलेले आहेत. फुलाफुलांचं चीट, रिबिनी, बाहीचं टोक. परत मागायला आलेल्या आया फार थोड्या.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा एका लहानशा खुणेपुढे किती वेळ उभी राहिले कोण जाणे. त्या आयांमध्ये मोलकरणी पुष्कळ असायच्या. नोकरी सुटली की मालकाकडून वर्तणुकीची चिठ्ठी लागायची आणि इंग्रजीत त्या चिठ्ठीला शब्दच 'कॅरॅक्टर'! चिठ्ठी नाही तर दुसरीकडे काम नाही. म्हणजे बाईचं चारित्र्य मालकाच्या हातात, कागदावर. पामेलाची गोष्ट वाचून ज्यांनी रडून घेतलं, त्यांच्याच घरांतून या पोरी बाहेर काढल्या गेल्या असतील, या विचारानं मला कसंतरी होतं.

---

कुळकायदा

मी वकील. कायद्याची बाजू मांडतो, कारण शीलाचं एवढं माहात्म्य का होतं ते त्यातून लख्ख दिसतं.

लग्न झालं की इंग्रज बाईचं कायद्यातलं स्वतंत्र अस्तित्व नवऱ्यात विरघळून जायचं. कायदेपंडित ब्लॅकस्टोननं १७६५ पासून निघालेल्या आपल्या ग्रंथात हे स्वच्छ शब्दांत मांडलंय. तिची कमाई त्याची, तिच्या वतीनं दावा लावायचा तर तोही त्यानंच. बायकोनं दुसऱ्याशी संबंध ठेवले तर नवरा त्या परपुरुषावर नुकसानभरपाईचा दावा लावायचा, पैशांत. त्या खटल्यात बायको पक्षकारच नसायची. शेतात जनावर घुसलं तर मालक भरपाई मागतो, तसा प्रकार. कोशकार डॉक्टर जॉन्सननं तर बोलूनच दाखवलं होतं की जगातली सगळी मालमत्ता बायकांच्या पावित्र्यावर उभी आहे. वारस कुणाचा हे नक्की कळलं पाहिजे ना!

तेव्हा ताई, 'शीलाला भाव लावला' हे रिचर्डसनचं पाप नव्हे. भाव आधीपासून होता. त्यानं भावफलक उचलून कादंबरीच्या मुखपृष्ठावर टांगला, एवढंच.

अवांतर: विवाहित इंग्रज बाईला स्वतःच्या मालमत्तेचा पुरता हक्क देणारा कायदा झाला १८८२ मध्ये. त्याच वर्षी पुण्यात ताराबाई शिंद्यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' छापून निघालं. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला स्वतःच्या अनौरस मुलाच्या हत्येसाठी झालेली शिक्षा आणि वर्तमानपत्रांनी घातलेला गदारोळ ऐकून पेटून उठलेली बाई ती. जे दोष बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत का, हा तिचा सवाल मला कोर्टात आजही आठवतो.

---

सांजवेळ

कुळकायदा, पटलं. पण म्हणूनच मला रिचर्डसनबद्दल अजून एक सांगायचंय. 'पामेला'वरच थांबलो तर त्याच्यावर अन्याय होईल. सात वर्षांनी त्यानं 'क्लॅरिसा' छापायला घेतली आणि माझ्या मते स्वतःचाच पहिला हिशेब फाडून टाकला.

१७४७-४८, सात खंड, साडेपाचशेच्या आसपास पत्रं, जवळजवळ दहा लाख शब्द. मी एकदाच सलग वाचली, बाळंतपणाच्या रजेत, मूल मांडीवर घेऊन. क्लॅरिसा हार्लो श्रीमंत घरातली. आजोबांनी मृत्युपत्रात तिला जमीन ठेवली म्हणून भाऊबहिणीच्या पोटात दुखतं आणि घरचे तिला सोम्स नावाच्या किळसवाण्या माणसाशी बांधायला बघतात. ती नको म्हणते. लव्हलेस नावाचा देखणा, हुशार, स्वतःच्या बुद्धीवर खूश असलेला, सरदारघराण्यातला तरुण तिला फसवून घराबाहेर काढतो आणि लंडनमध्ये एका कुंटणखान्यात ठेवतो. तिला ते सभ्य घर वाटतं. तिचं मन वळत नाही तेव्हा तो तिला गुंगीचं औषध पाजून तिच्यावर बलात्कार करतो.

पानंच्या पानं लिहिणारा हा माणूस त्या रात्रीनंतर मित्राला जे पत्र लिहितो ते फक्त दोन ओळींचं आहे. झालं, आणि क्लॅरिसा जिवंत आहे, एवढंच. आणि क्लॅरिसा? ती भानावर येताना कागदाच्या कपट्यांवर काहीबाही लिहिते, फाडते, टाकते. त्यातल्या एका कपट्यावरच्या कवितेच्या ओळी रिचर्डसननं पानावर तिरप्या, आडव्या जुळवून छापल्या. छापखानेवाला होता, खिळे कसे लावायचे ते त्याला ठाऊक. तिचं मोडलेलं मन त्यानं अक्षरांच्या जुळणीत दाखवलं.

लव्हलेसचं गणित असं की एकदा बाई 'गेली' की ती आपली झाली, आता लग्नाशिवाय तिला वाटच नाही. आणि सगळं जग त्याच्या बाजूला उभं राहतं. त्याचे नातेवाईक म्हणतात लग्न कर. तिची जिवाभावाची मैत्रीण अ‍ॅना हौ, इतकी तडफदार पोरगी, तीसुद्धा म्हणते लग्न कर, त्यातच तुझी सुटका आहे. क्लॅरिसा एकटी म्हणते, नाही. माझ्या मनानं त्याला कधी होकार दिला नाही, तर माझं काय गेलं? तो पुन्हा जवळ यायला लागतो तेव्हा चाकू स्वतःच्या छातीला लावून त्याला खोलीच्या पलीकडे रोखून धरते.

'पामेला'त लग्न हे बक्षीस होतं. इथे तेच बक्षीस समोर धरलंय आणि ती त्याच्याकडे बघतही नाही. मधल्या काळात, शेवटचे खंड यायच्या आधी, लेडी ब्रॅडशे नावाच्या बाईंनी खोट्या नावानं रिचर्डसनला पत्रं लिहून विनवलं की तिला मारू नका, लव्हलेसला सुधारा, त्यांचं लग्न लावा. तो बधला नाही. मला वाटतं त्याला तोवर कळून चुकलं होतं.

---

गोदाकाठ

दोन ओळींचं पत्र वाचून अंगावर काटा आला.

(सोम्स की सॉल्म्स?)

---

सांजवेळ

सॉल्म्स. घाईत चुकलं, धन्यवाद.

---

रानजाई

सांजवेळताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मनापासून लिहिलंय, तरी मला पुरतं पटत नाही.

क्लॅरिसा 'नाही' म्हणते, मान्य. मग पुढे काय होतं? ती मरते. कसा कोणता रोग असा नाही, झिजून झिजून मरते. आपली शवपेटी आधीच मागवून खिडकीपाशी ठेवून घेते आणि मेज असावं तशी तिच्यावर कागद ठेवून पत्रं लिहिते. चित्र जबरदस्त आहे, विसरता येत नाही. पण निर्दोष असूनही तिला जगायची मुभा नाही. गोल्डस्मिथच्या 'व्हिकार ऑफ वेकफील्ड'मध्ये, १७६६, फसवली गेलेली ऑलिव्हिया गाणं म्हणते, त्याचा अर्थ हाच की अशा बाईला डाग धुवायचा तर मरणं हा एकच उपाय. पामेलाला नवरा, क्लॅरिसाला शवपेटी. तिसरी वाट कुठाय?

मेरी वुलस्टनक्राफ्टनं १७९२ मध्ये स्त्रीहक्कांवरच्या 'व्हिंडिकेशन' या पुस्तकात नेमकं रिचर्डसनला इथेच धरलंय. क्लॅरिसाच्या तोंडी तो 'तू माझी अब्रू लुटलीस' अशा अर्थाचं वाक्य घालतो. वुलस्टनक्राफ्ट विचारते, या माणसाची अब्रूची आणि शीलाची कल्पना तरी काय? स्वतःच्या संमतीशिवाय जी हीन ठरू शकते तिच्याइतकी दुर्दैवी कोण! दोन वाक्यांत तिनं सगळा इमला पाडलाय.

आणि ती नुसतं बोलून थांबली नाही. तिची अपुरी कादंबरी 'मरिया' तिच्या मृत्यूनंतर १७९८ मध्ये निघाली. तिच्यात जेमायमा आहे, वेड्यांच्या इस्पितळातली राखणदारीण. तीही एकेकाळची मोलकरीण. मालकानं कोवळ्या वयात नासवली, मालकिणीनं मारून बाहेर काढली. मग पोटातलं मूल पाडणं, रस्ता, धुणी धुणं, अनाथालयासारख्या सरकारी घरात दिवस. ती ही हकीकत सांगते तेव्हा आवाज चढवत नाही, दया मागत नाही. आणि मरत नाही. माझ्या मते 'पामेला'चं खरं उत्तर 'शमेला' नाही, जेमायमा आहे. कपाटात लपलेला मालक सुधारला नाही तर काय होतं, ते तिच्या तोंडून कळतं.

---

जुना_वाचक

रानजाई, +१. जेमायमा माझ्या लक्षातच नव्हती. आज रात्री पुन्हा काढून वाचतो.

---

चाफा

मी भाषांतरं करते. 'पामेला'तली काही पत्रं मराठीत आणायचा प्रयत्न वर्षभर चालू आहे आणि 'व्हर्च्यू' या एका शब्दापाशी अडकलेय. सांजवेळताई सरसकट 'शील' म्हणतात, पण ते नेहमी बसत नाही.

सद्गुण म्हटलं तर शाळेतल्या फळ्यावरचा सुविचार होतो. शील भ्रष्ट होतं. अब्रू जाते, घेतली जाते. इज्जत तर आपल्या बातम्यांत अजूनही 'लुटली' जाते. पातिव्रत्याला आधी पती लागतो. नीट बघितलं तर मराठीतही हे सगळे शब्द चोरीला जाणाऱ्या वस्तूंचे आहेत. त्यात इंग्रजीची आणखी एक गंमत नव्हे, दुखणं. पामेलाचे आईबाप तिला सारखं 'ऑनेस्ट' राहा म्हणतात. पुरुष ऑनेस्ट म्हणजे व्यवहाराला चोख. बाई ऑनेस्ट म्हणजे अंगानं शुद्ध. एकच शब्द, आणि बाईच्या वाट्याला आला की तिच्या शरीरावर येऊन थांबतो.

पण रानजाई आणि सांजवेळताईंचं वाचताना काल रात्री एकदम सुचलं. सत्त्व! लव्हलेस आपल्या सगळ्या कारस्थानाला 'परीक्षा' म्हणतो, ही कितपत टिकते ते बघतो म्हणतो. म्हणजे सत्त्वपरीक्षाच ती. सत्त्व घेणारे घेऊ बघतात, पण सुटतं ते आपलं आपण सोडलं तरच. आणि सत्त्व हरिश्चंद्राचंही असतं, चांगुणेचंही असतं. बाईपुरतं नाही, शरीरापुरतं तर नाहीच.

म्हणून आता ठरवलंय. पामेलाचे आईबाप लिहितील तेव्हा 'अब्रू', कारण त्या गरिबांना तिचीच भीती आहे. मालक बोलेल तेव्हाही 'अब्रू'. पामेला स्वतः बोलते तेव्हा जपून. तिच्या तीन गाठोड्यांचा प्रसंग आठवतोय? वाडा सोडताना ती कपड्यांच्या वाटण्या करते. बाईसाहेबांनी दिलेले एका गाठोड्यात, मालकानं दिलेले दुसऱ्यात आणि स्वतःचे जाडेभरडे तिसऱ्यात. पहिली दोन तिथेच ठेवायची, तिसरं उराशी धरून निघायचं. मालक बाजूला लपून ऐकतोय हे तिला माहीत नाही. त्या तिसऱ्या गाठोड्याशी ती बोलते तिथे मी 'सत्त्व' लिहिलं आणि वाक्य उभं राहिलं. वर्षभरात पहिल्यांदा.

---

कुळकायदा

चाफाताई, फार मोलाचं. कायद्याच्या भाषेलाही असा शब्द सापडला तर किती बरं होईल. २०२४ पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलमात 'मॉडेस्टी'चं भाषांतर आम्ही इतकी वर्षं 'विनयभंग' करत आलो. भंगतो तो बाईचा विनय, म्हणे. मर्यादा मोडली त्यानं आणि तुकडे झाले हिचे.

---

दूरदेशी

सत्त्व वाचून डोळे भरून आले. आई म्हणायची, सत्त्व सोडू नकोस. धाकट्या भावालाही तेच म्हणायची.

---

सांजवेळ

रानजाई, तुमच्याशी वाद घालायला बसले होते, पण निम्म्याहून जास्त मान्य करावं लागतंय. क्लॅरिसाला मरू देणं ही रिचर्डसनची मर्यादा खरीच. तिचा नकार त्याला सुचला, नकारानंतरचं आयुष्य सुचलं नाही. तरी तो नकार पहिल्यांदा त्यानं लिहिला हे मी सोडणार नाही.

चाफा, 'सत्त्व' घेऊन काल वर्गात गेले. तुमचं नाव, म्हणजे आयडी, सांगितला. फळ्यावर अब्रू, शील, सत्त्व असे तीन शब्द लिहिले आणि छपरात खोचलेल्या गिनींचं पान पुन्हा वाचलं. मग जेमायमाची हकीकत सांगितली.

ती पहिल्या बाकावरची मुलगी सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "मॅडम, पामेलानं आईबापांना पत्रं लिहिली म्हणून तिची गोष्ट राहिली. जेमायमा कुणाला लिहिणार होती?"

खरंच, जेमायमाची आई तिच्या जन्मापाठोपाठ गेलेली आणि बापानं कधी आपली म्हटलेली नाही. ती लिहीतच नाही. इस्पितळाच्या खोलीत, कोंडून ठेवलेल्या मरियाजवळ बसून ती तोंडानं सांगते. मी मुलीला तेवढंच सांगितलं. तिनं वहीत 'मरियाला सांगितलं' असं लिहून त्याखाली रेघ ओढली आणि तास संपल्यावर पुस्तक मागायला आली. ग्रंथालयात 'मरिया' नाही, माझी प्रत दिलीय.